एकाच वावरातले पाच उंदीर: कोण काय खातं आणि ते ओळखायचं कसं?

काळी_माती

मंगळवेढ्याकडचं रब्बी ज्वारीचं वावर डोळ्यासमोर आणा. भारी काळी जमीन, बांधावर हरळी आणि कुंदा, खालच्या अंगाला विहिरीच्या पाण्यावरचा ऊस, वरच्या अंगाला मुरमाड माळ. एवढ्याशा तुकड्यात उंदरांच्या पाच जाती नांदतात: लहान घूस (बँडिकोटा बेंगालेन्सिस), जर्बिल (टाटेरा इंडिका), मऊ केसांचा शेतउंदीर (मिलार्डिया मेल्टाडा), झुडूप उंदीर (गोलुंडा एलिओटी) आणि अंगठ्याएवढा छोटा शेतउंदीर (मस बूडुगा).

माहितीपत्रकांत पाचही जणांपुढे एकच ओळ असते: "धान्य, बिया, गवत, मुळं, किडे". सगळे सगळंच खातात तर एका बांधावर पाच जण राहतात कसे? दुसरा प्रश्न कामाचा आहे. १०० आणि ४०० पट मोठं दाखवणारा साधा सूक्ष्मदर्शक, दोन चाळण्या आणि तराजू एवढ्या सामानावर प्रत्येकाचा आहार मोजता येईल का?

---

बिळशोध

ती ओळ चुकीची नाही, निरुपयोगी आहे. कोणता पदार्थ खाल्ला एवढंच विचारलं की पाचही जण सारखेच दिसतात. रोपाचा कोणता भाग, जमिनीपासून किती उंचीवर, पिकाच्या कोणत्या अवस्थेत आणि दिवसाच्या कोणत्या वेळी, हे विचारलं की ते वेगळे व्हायला लागतात.

लहान घूस. हिला ओलावा लागतो, म्हणून ऊस, भात, पाटाची कड. बिळाच्या तोंडाशी भुसभुशीत मातीचा ढीग असतो आणि तोंड बहुधा आतून मातीनं बुजवलेलं. खाणं खालून सुरू होतं: उसाची बुडाजवळची कांडी, भुईमुगाच्या जमिनीतल्या शेंगा, कंद, मुळं. धान्य पिकलं की ताट बुडातून तोडून कणीस बिळात ओढून नेते आणि साठवते. पाचांतली खरी साठेबाज हीच.

जर्बिल. कोरड्या, मोकळ्या जमिनीचा रहिवासी. बिळाला अनेक तोंडं, ती उघडी, ढीग नाही. शेपटीच्या टोकाला काळसर झुपका. पूर्ण रात्रीचा. मुख्य खाणं बी, त्यातही जमिनीवर सांडलेलं आणि नुकतंच पेरलेलं. पेरणीनंतर तासातलं बी ओळीनं उकरलेलं दिसलं तर पहिला संशय याच्यावर घ्या. पण बाराही महिने बियांवर भागत नाही. जोधपूरच्या काझरी संस्थेत ईश्वर प्रकाश यांनी राजस्थानच्या वाळवंटातल्या उंदरांवर दीर्घकाळ काम केलं. बिया कमी झाल्या की जर्बिल खोड, भूमिगत कांड, हिरवा पाला आणि किडे यांच्याकडे वळतो, हे तिथल्या अभ्यासांतून स्पष्ट झालं.

मऊ केसांचा शेतउंदीर. स्वतः फारसं खोदत नाही. काळ्या जमिनीच्या भेगा, दगडाचे ढीग, दुसऱ्यानं सोडलेली बिळं यांत राहतो. ताटावर चढतो, हे त्याचं वैशिष्ट्य. घूस ताट पाडते, हा चढून कणसाशी पोचतो. शिवाय गवताचं बी आणि किडे.

छोटा शेतउंदीर. वजन साधारण १० ग्रॅम. बांधाच्या उतारावर बोटभर भोक आणि तोंडाशी बारीक मातीचे कण. ताट पाडणं किंवा कणीस तोडणं त्याला झेपत नाही. सांडलेला दाणा, तणांचं बारीक बी, मुंग्या, वाळवी, अळ्या. दुसऱ्यांनी सांडलेल्यावरही त्याचं बरंच भागतं.

मुरमाड अंगाला बिळाच्या तोंडाशी बारीक खडे गोळा केलेले दिसले तर तो सहावा गडी आहे, काटेरी केसांचा मस प्लॅटिथ्रिक्स. आतल्या खोलीतही खडे रचलेले असतात. त्याला छोट्या शेतउंदरात मोजू नका.

झुडूप उंदराबद्दल गवताळ यांनी लिहावं.

---

गवताळ

झुडूप उंदराचं नाव धान्य खाणाऱ्यांच्या यादीत सवयीनं घातलं जातं. तो मुख्यतः हिरव्यावर जगतो: हरळीची खोडं आणि मुळं, गवताचे कोंब, कळ्या. श्रीलंकेत त्याला कॉफीचा उंदीर म्हणत, कारण तिथल्या मळ्यांत तो कॉफीच्या कळ्या आणि फुलोरा कुरतडायचा. सकाळ-संध्याकाळ वावरतो, गवताखालून ठरलेल्या वाटा करतो आणि झुडपात गवताचं गोल घरटं बांधतो. त्या वाटांवर कुरतडलेल्या काड्यांचे तुकडे पडलेले दिसतात.

एक गोची इथेच सांगतो. धान्याचं आमिष लावलेल्या पिंजऱ्यात हा कमी येतो. पिंजऱ्यांच्या मोजणीवरून 'या बांधावर झुडूप उंदीर नाही' असं लिहिलेलं असेल तर आधी आमिष काय होतं ते विचारा. पिंजरा बांधाच्या काठावर न ठेवता थेट त्याच्या वाटेवर, गवताखाली, वाटेच्या दिशेनं तोंड करून ठेवा. आत हरळीचे ताजे कोंब किंवा गाजराची चकती टाका. तपासणी उन्हं चढायच्या आत. पत्र्याचा पिंजरा तापला की जनावर मरतं.

---

सूक्ष्मदर्शी

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. होय, तेवढ्या सामानावर जमतं. लेंडीत उरलेले वनस्पतींचे तुकडे काचेखाली ओळखायचे, ही रीत. मात्र संदर्भ पट्ट्या, म्हणजे ओळखीच्या वनस्पतींच्या काचपट्ट्या, आधी करायच्या, लेंड्या नंतर गोळा करायच्या. उलट केलं की डब्यांत लेंड्या साठतात आणि काचेखाली काय दिसतंय ते कुणालाच सांगता येत नाही.

संदर्भ पट्ट्या: वावरातली प्रत्येक वनस्पती घ्या. ज्वारी, हरभरा, करडई, तूर, ऊस, हरळी, कुंदा, लव्हाळा, झाडून सगळी तणं. पानाची वरची बाजू, खालची बाजू, खोड, मूळ आणि बियाचं टरफल यांच्या वेगवेगळ्या पट्ट्या करा. 'ज्वारी' नावाची एकच पट्टी काही कामाची नाही, कारण पानाची आणि दाण्याची साल अजिबात सारखी दिसत नाही.

तयारी: वाळवलेली लेंडी किंवा पोटातला ऐवज पाण्यात रात्रभर भिजवा. वर १ मिलिमीटरची आणि खाली २०० मेशची म्हणजे ७५ मायक्रॉनची चाळणी ठेवून वाहत्या पाण्याखाली धुवा. खालच्या चाळणीवर राहिलेला गाळ बाजारात मिळणाऱ्या ब्लीचच्या पातळ द्रावणात रंग जाईपर्यंत ठेवा आणि दर पाच मिनिटांनी बघत राहा. विसरलात तर हरभऱ्यासारख्या द्विदल पानांची पातळ साल विरघळून जाते, गवताची सिलिकायुक्त साल तेवढी टिकते, आणि सगळे उंदीर गवतखाऊ निघतात. या पद्धतीतली ही सगळ्यात महागडी चूक. रंग गेला की पुन्हा स्वच्छ धुवून ग्लिसरीनच्या थेंबात पट्टीवर पसरा.

मोजणी: एका नमुन्याच्या ५ पट्ट्या, प्रत्येक पट्टीवर १०० पटीत २० दृश्यं (एका वेळी काचेतून दिसणारा गोल म्हणजे एक दृश्य), म्हणजे एकूण १०० दृश्यं. प्रत्येक दृश्यात कोणती वनस्पती आहे आणि कोणती नाही एवढंच टिपायचं. तुकडे मोजत बसू नका, एकच पान चावून त्याचे चाळीस तुकडे होऊ शकतात. गाळ इतपतच पातळ पसरा की सगळ्यात जास्त दिसणारी वनस्पतीही १०० पैकी ८६ हून अधिक दृश्यांत येऊ नये. त्यापलीकडे पुढचं गणित हाताबाहेर जातं.

ओळखीच्या खुणा: गवतांत सिलिकाच्या कणांचा आकार बघा. ज्वारी, बाजरी, मका, ऊस, कुंदा यांत डंबेलसारखे, दोन टोकांना फुगीर. हरळी आणि नाचणीत खोगिरासारखे. म्हणजे ज्वारीच्या वावरात हरळीचं पान वेगळं काढणं सोपं, पण ज्वारीचं पान आणि उसाचं पान वेगळं करणं कठीण. तिथे शिरांमधलं अंतर, रंध्रांची मांडणी आणि काठावरचे काटेरी केस पट्टीशी ताडून बघावे लागतात. लव्हाळ्याच्या पानात रंध्रांच्या ओळी आणि शंकूसारखे सिलिका कण दिसतात.

पोटातला ऐवज असेल तर आयोडीनचा थेंब टाका. स्टार्च निळा-काळा होतो. गव्हात मोठे भिंगासारखे आणि बारीक गोल असे दोन आकाराचे कण, तांदळात अगदी बारीक कोनदार, ज्वारी-मक्यात मध्यम आणि बहुकोनी, हरभरा-तुरीत लांबट, मधे चीर असलेले. लेंडीत ही खूण शोधू नका, स्टार्च तोवर पचून गेलेला असतो.

---

काळी_माती

धन्यवाद. पण मग लेंडीतून धान्य कमीच दिसणार ना? उंदीर तर दाणा सोलून खातो.

---

सूक्ष्मदर्शी

बरोबर पकडलंत. टरफल बाहेर टाकलं, आतला ऐवज पचला, लेंडीत उरणार काय? म्हणून फक्त लेंड्यांवर आधारलेल्या आहारात पान आणि खोड फुगतं, बी आटतं. जर्बिलच्या बाबतीत ही तूट सगळ्यात मोठी. मऊ अळीचं तसंच, तिचे जबडे आणि डोक्याचं कवच तेवढं सापडतं. मुंगी आणि वाळवी मात्र व्यवस्थित मोजता येते.

उपाय म्हणजे शक्य तिथे पोट आणि लेंडी दोन्ही तपासायचं. फक्त लेंडी असेल तर आकडे जातीजातींत ताडायला वापरा, 'जर्बिल इतके टक्के धान्य खातो' असं विधान त्यावर उभं करू नका. उंदीर स्वतःची लेंडीही खातात, हे लक्षात असू द्या. एकच जेवण दोनदा मोजलं जाऊ शकतं.

आता गणित. दृश्यांची टक्केवारी म्हणजे आहाराची टक्केवारी नव्हे. समजा १०० दृश्यांपैकी हरळी ६० मध्ये, ज्वारीचं टरफल ३० मध्ये, किडा १० मध्ये दिसला. सरळ ६०-३०-१० लिहायचा मोह होतो. पण एका दृश्यात एकाच वनस्पतीचे दोन-तीन तुकडे असले तरी आपण एकदाच टिपतो, त्यामुळे भरपूर असलेला पदार्थ कमी मोजला जातो. घनता काढायचं सूत्र असं: १ मधून वारंवारिता (१०० पैकी ६० दृश्यं म्हणजे ०.६०) वजा करा, उत्तराचा नैसर्गिक लॉग घ्या, चिन्ह उलटं करा. ०.६० ची घनता ०.९२, ०.३० ची ०.३६, ०.१० ची ०.११. बेरीज १.३९ च्या आसपास. म्हणजे हरळी सुमारे ६६ टक्के, ज्वारी २६, किडा ८. फरक छोटा वाटेल, पण दोन जाती शेजारी मांडल्या की निष्कर्ष फिरतो.

आणि 'एक नमुना' कशाला म्हणायचं? एका रात्रीत एका पिंजऱ्यात पडलेल्या एकाच जनावराच्या सगळ्या लेंड्या मिळून एक. वीस लेंड्या तपासल्या म्हणजे वीस नमुने झाले नाहीत. एका जातीचे एका हंगामात १५ ते २० वेगवेगळे प्राणी तरी हवेत.

---

घुबडप्रेमी

पिंजऱ्यांची एवढी खटपट कशाला? विहिरीच्या कपारीत गव्हाणी घुबड असतंच. त्यानं टाकलेल्या गोळ्या गोळा केल्या की पाचही जाती घरबसल्या मिळतात.

---

बिळशोध

साहेब, घुबडाच्या गोळीतून वावरात कोण आहे ते कळतं, कोण काय खातं ते नाही. गोळीत येतात केस आणि हाडं, उंदराच्या पोटातला चारा त्यात ओळखू येत नाही.

जातींची यादी करायला मात्र उत्तम. कवटी मिळाली की वरचे पुढचे दात बघा. त्यांवर उभी खाच असेल तर जर्बिल किंवा झुडूप उंदीर. मग दाढा बघा: आडव्या पट्ट्यांसारख्या असतील तर जर्बिल, उंचवटे असतील तर झुडूप उंदीर. खाच नसेल तर बाकीचे तिघं, ते आकारावरून वेगळे होतात. आणि दात पांढरे आणि टोकदार, तोंड निमुळतं, अशी कवटी आली तर ती चिचुंद्री. ती उंदरांच्या कुळातली नाही, कीटकभक्षी आहे. तिची लेंडी चुकून छोट्या शेतउंदराच्या डबीत गेली तर तो किडेखाऊ ठरतो. हे फार होतं.

---

जुनी_पानं

या पाचांपैकी दोघांच्या नावाशी आपल्या मुलखाचा संबंध आहे, तो इथे नोंदवून ठेवतो. वॉल्टर एलियट या अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये मद्रासच्या एका नियतकालिकात दक्षिण मराठा मुलखातल्या, म्हणजे धारवाडकडच्या, सस्तन प्राण्यांची यादी छापली. झुडूप उंदराच्या नावातला 'एलिओटी' तो हाच, आणि 'मेल्टाडा' हे नाव तिथल्या स्थानिक शब्दावरून आलेलं.

मऊ केसांच्या उंदराबद्दल त्याची नोंद आजही उपयोगी आहे. हा उंदीर उन्हाळ्यात काळ्या जमिनीच्या भेगांत राहतो. पावसाळा लागला की भेगा मिटतात आणि दरवर्षी हजारो मरतात. १८२६ मध्ये सुरुवातीचा पाऊस तुटपुंजा झाला, आणि उंदीर बेसुमार वाढले. त्यांनी पेरलेलं बी खाल्लं, मग पीक भरताना ज्वारीच्या ताटांवर चढून कणसं तोडली. शेतकऱ्यांना सारा भरता येईना. वडार लोकांना धान्य देऊन उंदीर मारून घेतले, तरी संख्या कमी झाल्याचं जाणवलं नाही.

काळी_माती यांच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यात आहे. त्या वर्षी या उंदराची चव बदलली नव्हती, भेगा उघड्या राहिल्या होत्या. वावरात कोण किती खाणार हे बरेचदा निवाऱ्यावर ठरतं. घुशीच्या साठ्याचीही जुनी नोंद आहे: वडार बिळं खणून धान्य काढत, एका बिळात अर्धा शेर, कधी पूर्ण शेरही मिळे.

---

बिळशोध

साठ्याचा विषय निघालाच आहे तर तो मोजायची रीत सांगतो, कारण यात सगळे घोळ घालतात.

संध्याकाळी वावरातली सगळी तोंडं चिखलानं बुजवा आणि प्रत्येकाशेजारी काडी रोवा. सकाळी उघडलेली तेवढी चालू बिळं. घुशीचं बीळ ढिगाच्या बाजूनं खणायला घ्या. आत लवचिक काठी सारून दिशा बघत फूट-दीड फुटाचे टप्पे करा. सरळ कुदळ घातली की खोली कोसळते आणि धान्य मातीत मिसळतं. हात घालायचा नाही. उंदराच्या बिळात नाग-घोणस असणं नेहमीचं आहे. हातमोजे आणि तोंडाला फडकं हवंच, लेप्टोस्पायरोसिस उंदराच्या मूत्रानं ओल्या झालेल्या मातीतून येतो.

साठ्याची खोली आणि घरट्याची खोली वेगळी असते. साठ्यातलं कणीस, सुटा दाणा, शेंग, तणाचं बी वेगवेगळं करा. लगेच वजन करू नका, हुरड्यातला दाणा आणि पिकला दाणा यांच्या ओलाव्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. ६० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि मग तोला.

आता घोळ. साठा म्हणजे आहार नव्हे. घूस टिकणारं ते नेते. उसाची कांडी, हिरवा कोंब, किडा जागेवरच संपवते. फक्त साठ्यावरून ती शुद्ध धान्यखाऊ दिसेल, आणि त्याच घुशीची लेंडी काचेखाली धरली तर उसाचे तंतू निघतील.

---

कार्बन_तेरा

सूक्ष्मदर्शकाला जोड म्हणून उंदराचे केस प्रयोगशाळेत पाठवता येतात. ज्वारी, बाजरी, मका, ऊस यांचं प्रकाशसंश्लेषण एका पद्धतीचं, हरभरा, गहू, तूर, करडई, भुईमूग यांचं दुसऱ्या. पहिल्या गटाचं कार्बन-१३ चं (कार्बनच्या जड रूपाचं) मूल्य, म्हणजे ठरलेल्या मानकापेक्षा ते किती कमी-जास्त, उणे १२ दर हजारीच्या आसपास, दुसऱ्याचं उणे २७ च्या आसपास. केसात त्याचं मिश्रण उतरतं.

समजा केस उणे १८ आला. सरळ हिशेबानं पहिल्या गटाचा वाटा ९ भागिले १५, म्हणजे ६० टक्के. पण केस आहारापेक्षा थोडा वरचा आकडा दाखवतो. तो फरक २ धरला तर आहार उणे २०, आणि वाटा ७ भागिले १५, म्हणजे ४७ टक्के. एवढ्या एका दुरुस्तीनं 'बहुतांश ज्वारी' चं 'निम्म्याहून कमी' होतं. म्हणून कोणता फरक धरला हे लिहिल्याशिवाय टक्के छापू नयेत.

---

गवताळ

कार्बन_तेरा, ज्वारीच्या वावरात यानं काय सुटणार? हरळी, कुंदा, ऊस, लव्हाळा सगळे ज्वारीच्याच गटात. झुडूप उंदीर नुसती हरळी खाऊन आणि मऊ केसांचा नुसती ज्वारी खाऊन एकाच आकड्यावर येतील.

---

कार्बन_तेरा

मान्य. निव्वळ ज्वारीच्या तुकड्यात ही चाचणी पैसे घालवणं आहे. ज्वारीशेजारी हरभरा किंवा गहू असेल आणि हरभऱ्याच्या घाट्यांवर कोण जातं हा प्रश्न असेल तरच करा. नायट्रोजन-१५ (नायट्रोजनचं जड रूप) मात्र तुमच्याही कामाचा. खाण्याच्या साखळीत एक पायरी वर गेलं की तो साधारण ३ दर हजारीनं वाढतो, त्यामुळे किडे जास्त खाणारा वेगळा दिसतो. फक्त शेणखत घातलेल्या वावरातल्या रोपांत तो मुळातच चढलेला असतो. तेव्हा त्याच वावरातली रोपं आणि किडे तुलनेला पाठवा, शेजारच्या गावातले नकोत.

---

काळी_माती

आकडे हातात आले की दोन जातींचा आहार किती एकसारखा हे एका संख्येत मांडता येतं का?

---

सूक्ष्मदर्शी

पियांकाचा निर्देशांक वापरतात, ० म्हणजे काहीच समान नाही, १ म्हणजे तंतोतंत. रीत दाखवायला गृहीत आकडे घेऊ, हे मोजलेले नाहीत. धान्य, गवत, मुळं, किडे या क्रमानं जर्बिल ०.५, ०.२, ०.१, ०.२. झुडूप उंदीर ०.१, ०.८, ०.१, ०. जोडीजोडीनं गुणून बेरीज करा: ०.२२. मग प्रत्येकाच्या वर्गांची बेरीज: ०.३४ आणि ०.६६. त्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा: ०.४७. भागाकार केला की उत्तर ०.४६.

आता याची मेख. वर्ग तुम्ही ठरवता, आणि संख्या त्यावर नाचते. 'धान्य' असा एकच रकाना ठेवला तर मऊ केसांचा आणि जर्बिल जवळजवळ एक दिसतील. त्याचे 'ताटावरचं कणीस', 'जमिनीवरचा दाणा' आणि 'तणाचं बी' असे तीन रकाने केले की निर्देशांक घसरतो. पण काचेखाली ताटावरचा दाणा आणि जमिनीवरचा दाणा सारखाच दिसतो. तिथे बिळशोध यांची वावरातली खूण लागते: कणीस कुठे कुरतडलंय, ताट उभं की आडवं, टरफलांचा सडा बुडाशी की बांधावर.

---

जुनी_पानं

आणि निर्देशांक मोठा आला म्हणून 'स्पर्धा' लिहू नका. सुगीत दाणा सगळीकडे सांडलेला असतो, तेव्हा सगळ्यांचं खाणं एकच आणि भांडण कुणाचंच नाही. एप्रिल-मे मध्ये दाणा संपतो तेव्हा प्रत्येक जण आपल्या हुकमी खाण्याकडे सरकतो आणि निर्देशांक उतरू शकतो. ओढाताण खरी तेव्हाची.

स्पर्धा सिद्ध करायची तर एकाला हटवून दुसऱ्याचं काय होतं ते बघावं लागतं. अमेरिकेत ॲरिझोनातल्या पोर्टलजवळ १९७७ पासून हेच चाललंय. ५० मीटर बाय ५० मीटरचे २४ चौकोन, भोवती कुंपण, काहींच्या फटी इतक्या लहान की मोठा कांगारू उंदीर आत येऊ शकत नाही पण छोटे येतात. मोठ्यांना हटवल्यावर बी खाणारे छोटे उंदीर वाढले, आणि बारा वर्षांनी त्या झुडपी जमिनीत उंच गवत वाढलेलं दिसलं. आपल्या वावरात दरवर्षी नांगरट होते, असा प्रयोग टिकवणं अवघड. पण पडीक माळाच्या आणि कायम बांधाच्या पट्ट्यात कुणी करायला हरकत नाही.

---

पाटाचं_पाणी

हे सगळं छान, पण शेतकऱ्याचा प्रश्न साधा आहे. ज्वारी निसवली की आमिष ठेवलं तरी कोणी तोंड लावत नाही. का?

---

बिळशोध

कारण तुमचं वावरच तेव्हा आमिष असतं. डोक्यावर हुरडा लोंबत असताना घूस कोरडी भरड कशाला खाईल? वेळ आहे पोटरीच्या आधीची, आणि उन्हाळ्यात रान मोकळं असताना. बिनविषारी भरड दोन-तीन दिवस ठेवून कोण खातंय ते आधी बघा. नवीन वस्तू उंदीर चाखून सोडतो, आणि थोडंसं विष चाखून आजारी पडला तर परत त्या वाटेला जात नाही.

जागा जातीप्रमाणे. घुशीसाठी चालू बिळात आत, मोकळ्यावर ठेवलेलं वाया जातं. जर्बिल वरचं उचलतो, पण विषारी आमिष उघड्यावर टाकलं की मोर, तितर आणि होला आधी येतात, आणि मेलेला उंदीर घुबड खातं. म्हणून तिथेही बिळातच ठेवून तोंड बुजवायचं. झुडूप उंदीर धान्याकडे फारसा बघत नाही, आणि तुमच्या ज्वारीचं नुकसानही तो फारसं करत नाही. त्याच्यामागे लागू नका.

दुसरी गोष्ट, तुमच्या नावाशी जुळणारी. कोरडवाहू रान पाण्याखाली आलं की जातींचा तोल बदलतो. राजस्थानात इंदिरा गांधी कालव्याच्या पट्ट्यात हे दिसलं: वाळवंटी जाती मागे सरल्या, ओलाव्याच्या पुढे आल्या. शेजारी ऊस लागला की ज्वारीतही घूस वाढणार. ऊस तुटला की ती शेजारी सरकते, त्या आठवड्यात मधला बांध तपासा.

---

काळी_माती

शेवटची शंका. पोटं तपासायची तर पिंजऱ्यातलं आमिषच पोटात सापडणार. ते वेगळं कसं काढायचं? आणि परवानगी लागते का?

---

सूक्ष्मदर्शी

आमिष असं निवडा की जे त्या वावरात उगवत नाही आणि काचेखाली लगेच ओळखू येतं. ज्वारीच्या रानात ज्वारीची भरड कधीच नको. त्याहून बरं म्हणजे आमिष मलमलीच्या पुरचुंडीत बांधून, तीवर जाळी गुंडाळून पिंजऱ्यात टांगा. वास येतो, खाता येत नाही. पिंजरे सूर्यास्ताला लावा, रात्री दहाला एकदा आणि पहाटे एकदा बघा. बारा तास अडकलेल्या जनावराच्या पोटात फार काही उरत नाही. पोट ७० टक्के अल्कोहोलमध्ये, डबीत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी टाकून. शाईची चिठ्ठी पुसली जाते आणि मग ती घूस होती की जर्बिल ते कुणालाच सांगता येत नाही.

परवानगीचं म्हणाल तर जुन्या वन्यजीव कायद्यात उंदीर पाचव्या परिशिष्टात, म्हणजे उपद्रवींत होते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते परिशिष्टच राहिलं नाही. त्यामुळे पूर्वीच्या समजुतीवर विसंबू नका. अभ्यासासाठी पकडणार असाल तर आधी वनविभागाला लेखी विचारा, आणि महाविद्यालयातर्फे असेल तर प्राणी नीतिसमितीची मंजुरी घ्या. नुसत्या लेंड्या गोळा करायच्या असतील तर पिंजऱ्यापेक्षा झुडूप उंदराच्या वाटा आणि चालू बिळांची तोंडं बरी. तिथे सकाळी पातळ प्लास्टिकचा तुकडा अंथरा, दुसऱ्या सकाळी उचला आणि जागेसकट नोंद करा.